उंबराचं फूल कुठे असतं? फायकसची झाडं ओळखायची रीत

बऱ्याच दिवसांनी तोंड दाखवणाऱ्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो, कारण ते कधी दिसत नाही. खरं तर उंबराला फुलं शेकड्यांनी येतात, पण ती फळाच्या आत असतात. आपण ज्याला उंबर म्हणतो ते फळ नसून आतल्या बाजूला वळलेला, पिशवीसारखा बंद झालेला फुलोरा आहे. मराठी शास्त्रीय लेखनात त्याला कुंभासनी फुलोरा म्हणतात. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, खरवत, बोखाडा आणि ड्रॉइंगरूममधलं रबराचं झाड यांची पानं, आकार आणि स्वभाव वेगवेगळे आहेत. तरी या एका फुलोऱ्यामुळे ती सगळी फायकस या एकाच वंशात बसतात.

आधी शब्दांचं बघू, नाहीतर पुढे सतत ठेच लागते. जुन्या मराठी ग्रंथांत प्रजाती म्हणजे वरचा गट आणि जाती म्हणजे खालचा. वर्तमानपत्रांत मात्र प्रजाती हा शब्द सर्रास खालच्या गटासाठी येतो. म्हणून या लेखात वरच्या गटाला ‘वंश’ आणि खालच्याला ‘जाती’ म्हटलं आहे. फायकस हा वंश, फायकस रेसिमोझा (उंबर) ही त्यातली जाती.

नवीन माणूस सुरुवात पानापासून करतो आणि तिथेच फसतो. एकाच वडाचं सावलीतलं पान आणि उन्हातलं पान आकाराने दुप्पट-तिप्पट फरकाचं असू शकतं. भिंतीच्या फटीतून आलेल्या रोपट्याचं पान तर मोठ्या झाडाशी अनेकदा जुळतही नाही. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी चीक, मग कडं, मग फळाची जागा, मग फळाचा छेद आणि सगळ्यात शेवटी पान. गुडघ्याएवढ्या रोपाचं नाव सांगायच्या भानगडीत पडू नका. वहीत ‘फायकस, जाती अनिश्चित’ एवढं लिहिलं तरी ती नोंद बरोबरच असते.

सोबत काय न्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं नवं पातं, सेंटिमीटरची पट्टी, पांढऱ्या कागदाचे चार-पाच तुकडे, पाण्याची लहान बाटली, जुना सुती रुमाल आणि खोबरेल तेलाची डबी. खोबरेल विसरू नका. फायकसचा चीक हवेत सुकला की रबरासारखा चिकटतो आणि नुसत्या साबणाने निघत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण लावायचा. पातंही तसंच पुसायचं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी हातमोजे घालावेत.

फांद्या तोडायची गरज पडत नाही. झाडाखाली पडलेली पानं, फळं आणि काटक्या पुरतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे पडलेलंही काही उचलून घरी न्यायचं नाही. जागेवर बघायचं, मोजायचं, फोटो काढायचे. शिकायला ठाण्यातली जुनी तळी, तलावपाळी आणि उपवनचा परिसर, किंवा नवी मुंबईतल्या सेक्टरांमधल्या बागा आणि रस्त्याकडेची झाडं जास्त सोयीची. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या येतात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी त्या टाकून दिल्या जातात. ताजा कोंब, कडी, पान आणि कधी कधी कच्ची फळं, सगळं एका फांदीवर तेव्हा फुकट मिळतं.

पहिली पायरी: चीक आणि कडं, दोन्ही हवीत

कोवळ्या देठाला नख लावा. पांढरा, दुधासारखा चीक आला पाहिजे. मग फांदीच्या टोकाकडे बघा. तिथे टोकदार कोंब असतो आणि त्याला उपपर्णांनी, म्हणजे पानाच्या बुडाशी येणाऱ्या पापुद्र्यांनी, झाकलेलं असतं. पान उमललं की उपपर्णं गळतात आणि फांदीभोवती अंगठीसारखा व्रण राहतो. हेच कडं. रबराच्या झाडात, म्हणजे फायकस इलॅस्टिकात, हे उपपर्ण लालसर आणि बोटभर लांब असतं, त्यामुळे कडं म्हणजे काय हे शिकायला घरातली कुंडी उत्तम.

एकच खूण पुरत नाही. देवचाफ्याला आणि सातविणीला भरपूर चीक आहे, पण अंगठीसारखं कडं नाही. सोनचाफ्याला अगदी ठळक कडं आहे, पण चीक नाही. दोन्ही एकत्र असतील तर झाड बहुधा मोरेसी, म्हणजे वड-फणसाच्या, कुळातलं, आणि आपल्याकडे मग दोनच दाट शक्यता उरतात: फायकस किंवा फणसाचा वंश. फणसाच्या फुलोऱ्यात फुलं बाहेरच्या अंगाला असतात, फायकसमध्ये आतल्या. तिथे तिढा सुटतो.

खाडीच्या काठावर हमखास होणारी चूक म्हणजे भेंडाला, म्हणजे परस पिंपळाला, पिंपळ समजणं. पान हृदयाच्या आकाराचंच असतं. पण देठाला पांढरा चीक नाही, पानाला लांब शेपटी नाही आणि फुलं पिवळी, जास्वंदीच्या घडणीची. कोमेजताना ती तांबूस होतात. ते जास्वंदीच्या कुळातलं झाड आहे आणि पिंपळाशी त्याचं नातं फक्त नावापुरतं.

दुसरी पायरी: फळ कुठे लागलंय

झाडापासून चार पावलं मागे सरा आणि खोडाकडे बघा. खोडावर आणि जाड फांद्यांवर देठांसह झुपके लोंबत असतील तर दोनच नावं मनात आणा: उंबर आणि बोखाडा. बोखाड्याला काळा उंबर किंवा भुई उंबरही म्हणतात. शास्त्रीय नाव फायकस हिस्पिडा. हाताने लगेच वेगळा करता येतो. बोखाड्याची पानं फांदीवर समोरासमोर असतात आणि हाताला केसाळ-खरखरीत लागतात. कोवळी फांदी आतून पोकळ असते. फळं पिकली तरी पिवळट हिरवी राहतात. उंबराची पानं एकाआड एक, जवळजवळ गुळगुळीत, आणि फळं पिकल्यावर तांबडी-केशरी होतात. आपल्याकडच्या बहुतेक फायकसांची पानं एकाआड एक असल्यामुळे समोरासमोरची जोडी दिसली की बोखाड्याचं नाव घ्यायला हरकत नाही.

फळं पानांच्या बगलेत, जोडीने, देठाशिवाय चिकटलेली असतील तर वड, पिंपळ, नांद्रुक यांचा गट. या गटातल्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या तळाशी, मेण लावल्यासारखा एक चकचकीत ठिपका असतो. भिंगातून बघा, एकदा दिसला की पुढे विसरत नाही. फळाच्या बुडाशी तीन छोटे छद, म्हणजे खवल्यासारखी पानं, असतात. वडात ते रुंद असून पिकेपर्यंत टिकतात.

बगलेतच पण देठावर, खरखरीत फळं आणि पान तर सँडपेपरसारखं असेल तर ती खरवत, फायकस एक्झॅस्परेटा. वाळलेल्या पानाने लाकूड घासून बघा. पूर्वी याच पानांनी लाकूड गुळगुळीत केलं जायचं. येऊरच्या ओढ्याकाठी हिंडताना हाताला खरखर लागली तर नाव सांगायला फार विचार करावा लागत नाही.

तिसरी पायरी: फळ कापून बघा

‘उंबर फोडून केंबरं काढणं’ ही म्हण नसत्या चौकशीसाठी वापरतात. इथे मात्र तेच काम करायचं आहे, आणि लेखातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

एकाच झाडाची पाच फळं घ्या: कच्चं घट्ट, थोडं मोठं, पूर्ण वाढलेलं पण कडक, दाबल्यावर किंचित नरम, आणि पिकलेलं. प्रत्येक फळ देठापासून विरुद्ध टोकाला असलेल्या तोंडापर्यंत उभं कापा. आडवं कापलं तर तोंडाची रचना हातची जाते आणि कामाचं काही दिसत नाही. छेदावर लगेच चीक येतो आणि सगळं झाकतो. अर्धं फळ एक मिनिट पाण्यात बुडवा, हलवा, रुमालाने टिपून घ्या. मग भिंग लावा.

तोंडाशी एकमेकांवर चढलेले बारीक छद दिसतील, खवल्यांच्या दरवाजासारखे. पहिल्या अवस्थेत ते घट्ट बंद असतात आणि आत नुसत्या फिकट कळ्या असतात. दुसऱ्या अवस्थेत मादी फुलं तयार होतात आणि तोंड किंचित सैल पडतं. याच वेळी एक ते दोन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या गोतातली मादी आत शिरते. जागा इतकी अरुंद की पंख आणि शृंगिकांचे (मिशांचे) तुकडे तिथेच तुटून राहतात. भिंगातून तोंडाच्या छदांत अडकलेले काचेसारखे पंख शोधा. हा पुरावा बघितल्यावर परागणाचं सगळं गणित डोक्यात बसतं.

आतली मादी फुलं दोन लांबीची असतात. आखूड कुक्षिवृंताच्या (मादी फुलाच्या वरच्या दांडीच्या) फुलांत माशी अंडी घालते आणि तिथे गाठी होतात. लांब कुक्षिवृंताची फुलं फक्त परागित होतात आणि त्यांची बी धरते. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे मोठ्या पण कडक फळात, हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतं: गाठी फुगीर, बिया लहान आणि टणक. चौथ्या अवस्थेत बिनपंखी, पिवळसर नर आधी गाठींतून बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात आणि फळाच्या भिंतीतून बाहेर पडायला वाट पोखरतात. तेव्हाच नर फुलांचे परागकोश पिकलेले असतात. माद्या पराग घेऊन निघतात आणि नर बहुधा आतच मरतात. पाचवी अवस्था पक्ष्यांची आणि वटवाघळांची: तांबट, कोकीळ, मैना, हरियाल. पिकलेलं उंबर खायचं असेल तर फोडून, झटकून खा. आत किड्यांचे अवशेष असणारच. पुरंदरकडून येणारं अंजीरही फायकसच, फायकस कारिका. पण आपल्याकडचं लागवडीचं अंजीर परागणाशिवाय फळ धरतं, त्यामुळे त्यात ही माशी शोधू नका.

एका जातीची माशी बहुधा एकाच जातीच्या फायकसमध्ये शिरते. उंबराची सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, वडाची युप्रिस्टिना मसोनी. छेदात मात्र बिनबुलाई पाहुणेही भेटतात. फळाच्या बाहेरून लांब, केसासारखी अंडनलिका खुपसणाऱ्या माश्या परागण करत नाहीत. त्या गाठींमध्ये घुसखोरी करतात. शेपटीसारखी लांब अंडनलिका दिसली तर ती परागण करणारी माशी नव्हे, असं धरून चाला.

माश्या बाहेर येताना बघायच्या असतील तर चौथ्या अवस्थेतलं फळ काचेच्या बाटलीत ठेवा आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. एक-दोन दिवसांत माश्या दिसतात. यात तीन ठिकाणी चुकतं. फळ लवकर तोडलं तर आतल्या अळ्यांची वाढ थांबते आणि काहीच बाहेर येत नाही. म्हणून आधी त्याच झुपक्यातलं एक भावंड कापून परागकोश पिवळे झालेत का ते पाहा. प्लॅस्टिकची पिशवी वापरली तर वाफ धरते, माश्या थेंबांत चिकटून मरतात आणि बुरशी येते. आणि फळावर भोकं आधीच पडलेली असतील तर पाहुणे निघून गेलेले असतात.

बोखाडा आणि खरवत यांत आणखी एक गंमत आहे: नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नर झाडाच्या फळात नर फुलं आणि गाठी असतात, बी जवळजवळ नसते. मादी झाडाच्या फळात फक्त लांब कुक्षिवृंताची फुलं आणि बिया. माशी तिथे शिरली तर परागण करते, पण अंडी घालता येत नाहीत. म्हणून बोखाड्याच्या एकाच झाडावरून ‘या जातीत माश्या नसतात’ असा निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या झाडाची फळंही कापा. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांत दोन्ही कामं एकाच फळात होतात.

चौथी पायरी: आता पान

वडाचं पान जाड, १० ते २० सेंटिमीटर, टोक बोथट, तळापासून तीन ते पाच ठळक शिरा. पारंब्या असतीलच असं नाही. शहरात त्या छाटल्या जातात, आणि उलट नांद्रुकालाही दाढीसारखी मुळं सुटतात. ‘पारंबी म्हणजे वड’ हे समीकरण इथेच टाकून द्या.

पिंपळाच्या पानाचं टोक शेपटीसारखं लांब. देठ लांब आणि बारीक, म्हणून वारा नसतानाही पान सळसळतं. फाल्गुन-चैत्रात तांबूस कोवळी पालवी येते. पायर, म्हणजे फायकस अर्नोटियाना, डोंगराच्या खडकांत उगवते. पारसिक किंवा खारघरच्या बाजूला कातळातला ‘पिंपळ’ दिसला तर आधी हिचा विचार करा. टोक आखूड आणि देठ व शिरा गुलाबी छटेच्या. पिपरीचं, म्हणजे फायकस व्हायरेन्सचं, पान लांबट, तळ हृदयासारखा नाही, आणि पिकलेली फळं पांढरट. सावध राहा: पायर, पायरी, पिपरी, पिंपरी ही नावं गावोगाव एकमेकांत मिसळतात आणि एकच नाव दोन जातींना मिळतं. मराठी नाव लिहाच, पण शेजारी शास्त्रीय नाव नसेल तर त्या नोंदीचा पुढे उपयोग होत नाही.

सोसायट्यांच्या कुंपणात सगळ्यात जास्त गल्लत नांद्रुक आणि बेंजामिना यांत होते. नांद्रुकाचं, फायकस मायक्रोकार्पाचं, पान ४ ते ८ सेंटिमीटर, जाडसर, टोक बोथट किंवा किंचित टोकदार. बेंजामिनाचं पान पातळ, टोक लांब ओढलेलं, आजूबाजूच्या शिरा खूप आणि बारीक, फांद्या खाली झुकलेल्या. दोन्हीची कोवळी पानं मधल्या शिरेवर दुमडून आत काळे किडे भरलेले दिसतात. ते फुलकिडे, आणि तेही बहुतांशी आपापलं झाड धरून: नांद्रुकावर गायनायकोथ्रिप्स फिकोरम, बेंजामिनावर गायनायकोथ्रिप्स उझेली. पान उघडून किडे दिसले तर ‘रोग’ लिहून सोडून देऊ नका. ओळखीला तो आणखी एक धागा आहे. नर्सरीच्या पाट्यांवर नांद्रुकाला ‘रेट्यूसा’ किंवा ‘नायटिडा’ म्हटलेलं असतं. ती नावं चुकीची लागली आहेत.

वर्गीकरणाचं थोडं

१७५३ मध्ये लिनिअसने फायकस वंशात सात जाती नोंदवल्या. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर तेव्हापासून त्यात आहेत. उंबराला रॉक्सबर्गने पुढे ग्लोमेराटा म्हटलं, म्हणून जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत फायकस ग्लोमेराटा सापडेल. झाड तेच, नाव आता रेसिमोझा, कारण लिनिअसचं नाव आधीचं. बेंथम आणि हुकर यांच्या पद्धतीत हा वंश अर्टिकेसी कुळात होता. आता तो मोरेसी कुळात आहे आणि ते कुळ गुलाबाच्या गणात. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यानचा ग्रंथ चाळताना हे लक्षात ठेवा, नाहीतर पानं उलटत बसाल.

जगात फायकसच्या साडेसातशेहून जास्त जाती मोजल्या जातात. त्यांची सहा उपवंशांत मांडणी प्रचलित आहे. जनुकांच्या अभ्यासाने तिच्या काही सीमा हलवल्या आहेत. नवशिक्याला तीन पुरतात: युरोस्टिग्मा (वड, पिंपळ, नांद्रुक, बेंजामिना), सायकोमोरस (उंबर, बोखाडा) आणि सायसिडियम (खरवत). परत मागे जाऊन दुसरी पायरी वाचा. फळाची जागा, मेणाचा ठिपका आणि पानाची खरखर यांवरून झाडं नेमकी याच तीन ढिगांत पडली होती. म्हणूनच क्रम पानापासून सुरू करायचा नाही.

नमुना वाळवणं

पावसाळ्यात ठाण्यात पान वाळवणं म्हणजे बुरशीशी शर्यत. वर्तमानपत्राच्या घडीत पान एक सरळ आणि एक उलटं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. पहिले तीन दिवस कागद रोज दोनदा बदला. फळ अख्खं दाबू नका. आत ओल राहते आणि काळं पडतं. उभे दोन काप करून वेगळ्या कागदात वाळवा आणि एक अख्खं फळ ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवा. पूर्वी पेटीत साधा बल्ब लावून ऊब दिली जायची. एलईडी दिवा त्या कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. कागदावर जाड सुती कापड ठेवून कोमट इस्त्री दाबली तरी चालतं, पण घासू नका. चीक कागदाला चिकटतो. वाळलेला नमुना २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवा किंवा चिकटवा.

लेबलवर तारीख, जागा, झाडाची अंदाजे उंची, फळाची जागा, पिकल्यावरचा रंग आणि कापलेल्या फळाची अवस्था लिहा. रंग जागेवरच लिहा. वाळल्यावर उंबर आणि वड दोन्ही तपकिरीच दिसतात. जाती पक्की झाली नाही तर ती जागा रिकामी ठेवा, आठवड्याने त्याच झाडाखाली परत जा आणि नवं फळ कापा. तरीही अडलं तर मुंबईतल्या सेंट झेविअर्स कॉलेजच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात किंवा पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारून जा आणि तुमचा कागद तिथल्या कागदाशेजारी ठेवून पाहा. जाताना पान आणि फळ एकाच झाडाचं, एकाच लेबलाखाली न्या.